डिंक पायानं मारायचा असतो

पिकलबॉल, म्हणजे पॅडलनं प्लास्टिकचा बॉल नेटवरून मारायचा खेळ, मला पहिल्याच दिवशी आवडला. किचनमध्ये, म्हणजे नेटलगतच्या पट्ट्यात, पाय ठेवला की पॉइंट जातो, असं कुणीतरी सांगितलं आणि जाऊबाई लगेच म्हणाल्या, "हा नियम घरी पण लावूया की." लावून बघितला. चालला नाही.

पहिले दोन महिने त्या किचनच्या रेषेनंच माझा घाम काढला. सर्व्हिस जमली, मागून जोरात हाणायलाही जमलं. पण डिंक मारायची, म्हणजे नेटजवळ उभं राहून बॉल हलकेच पलीकडच्या किचनमध्ये टाकायची वेळ आली, की एक नेटमध्ये आणि दुसरा छातीएवढा उंच. समोरचा वाटच बघत असायचा. मी हाताला दोष दिला. पॅडल बदललं, मनगट कसं धरायचं याचे व्हिडिओ बघितले. शेवटी एका संध्याकाळी बाकावर बसलेले एक काका बोलले. नातवाला बॅडमिंटनला सोडायला येतात ते. तरुणपणी तालमीत होते, मोडलेले कान अजून साक्ष देतात. पिकलबॉल त्यांनी त्याआधी कधी बघितलाही नव्हता. म्हणाले, "पोरी, हात बरा हाय की गं तुझा. पाय तेवढं गोठ्यात बांधून आलीयास."

हा लेख अशा पाय बांधून आलेल्यांसाठी आहे. नियम माहीत आहेत, महिना-दोन महिने खेळून झालेत, पण नेटजवळ सगळं बिनसतं, असे जे असतील त्यांच्यासाठी. मी उजव्या हातानं खेळते, त्यामुळं डावं-उजवं तसं लिहिलंय. डावखुऱ्यांनी उलट करून वाचावं.

आधी टेप घ्या आणि रेषा मोजा

पिकलबॉलचं कोर्ट 20 फूट रुंद आणि 44 फूट लांब. बॅडमिंटनच्या डबल्सचं कोर्टही नेमकं एवढंच, म्हणून बरेच जण बॅडमिंटनच्या हॉलमध्येच सुरुवात करतात. नेट मात्र खाली घ्यावं लागतं: कडेला 36 इंच, मध्ये 34 इंच.

गोची पुढं आहे. नेटच्या दोन्ही बाजूंना 7 फुटांचा पट्टा म्हणजे किचन. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर असते. तीच किचनची रेषा समजून आम्ही तीन आठवडे खेळलो. मग एकदा खऱ्या पिकलबॉल कोर्टवर गेलो तर दर चौथ्या बॉलला माझा पाय रेषेवर. अर्धा फूट म्हणजे काय विशेष, असं वाटतं, पण पायाला एकदा लागलेली जागा सुटत नाही. तेव्हा हॉलवाल्यांना विचारून 7 फुटांवर रंगीत चिकटपट्टी लावून घ्या.

नियमही एकदा नीट समजून घ्या, कारण निम्मी भीती तिथूनच येते. किचनमध्ये उभं राहून व्हॉली मारता येत नाही, म्हणजे टप्पा पडायच्या आधी हवेतला बॉल मारता येत नाही. रेषा ही किचनचाच भाग. बाहेर उभं राहून व्हॉली मारली आणि तोल जाऊन नंतर पाय आत पडला, तरी फॉल्टच. अंगावरची वस्तू आत टेकली तरी तेच. टोपी पडली तरी गेला पॉइंट. माझी एकदा ओढणी टेकली होती. तेव्हापासून ती कमरेला गाठ मारूनच खेळते.

पण टप्पा पडलेला बॉल मारायला आत जायला पूर्ण मोकळीक आहे. नुसतं आत जाण्यानं काही बिघडत नाही. नवीन माणूस मात्र किचनकडं असं बघतो, जणू देवघरात चपला घालून जायचंय. बॉल समोर फूटभर आत पडतो आणि हा रेषेबाहेरूनच कमरेत वाकून पॅडल लांबवतो. तिथंच डिंक फसतो. आत जा, मारा, बाहेर या. एवढंच लक्षात ठेवायचं, की पुढची व्हॉली मारण्याआधी दोन्ही पाय बाहेरच्या जमिनीवर टेकलेले हवेत.

उभं राहणं

रेषेपासून चार बोटं मागं उभं राहा. एवढ्या अंतरात रेषेवर पाय पडत नाही आणि पुढचा बॉलही हाताबाहेर जात नाही. फूटभर मागं उभं राहिलात, तर समोरचा तुमच्या पायाशीच बॉल टाकत राहील. तो उचलायला सगळ्यात अवघड.

पायांतलं अंतर खांद्यांपेक्षा वीतभर जास्त. गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर, टाचा जमिनीला जेमतेम टेकलेल्या. टाचेखाली कागद सरकवला तर सहज निघावा इतपत. छाती वर, नजर समोर, पॅडल पोटापुढं हातभर अंतरावर. काकांनी हे बघून लगेच नाव दिलं, "पवित्रा." कुस्तीत समोरासमोर खडाखडीला उभं राहतात तसंच, फक्त हात एवढे पसरायचे नाहीत.

इथं बहुतेकांची चूक एकच. वाकायचं असतं गुडघ्यात आणि माणूस वाकतो कमरेत. कमरेत वाकलं की डोकं पुढं जातं, भार बोटांवर येतो, आणि मग बाजूला सरकायच्या आधी स्वतःला सावरण्यातच वेळ जातो. तपासायची सोपी रीत सांगते. पवित्र्यात उभं राहा आणि कुणाला तरी खांद्यावर बाजूनं हलका धक्का द्यायला सांगा. एक पाऊल टाकावं लागलं, तर बूड अजून खाली घ्या.

मांड्या भरून येतील. यायलाच पाहिजेत. मी रोज रंकाळ्याला फेरी मारायची, त्यामुळं पाय तयार आहेत असा माझा समज होता. पहिल्या आठवड्यात मांडीच्या आतले असे स्नायू दुखले, जे मला आहेत हेच माहीत नव्हतं. चालणं असतं सरळ पुढं, हा खेळ आहे बाजूचा. फेरीचा दमाला उपयोग होतो, सरकायला नाही.

समोरच्याचं पॅडल बॉलला लागताना छोटी उडी

याला स्प्लिट स्टेप म्हणतात. उडी म्हणण्याइतकीही ती मोठी नसते. टाचा उचलून दोन्ही चवड्यांवर एकदम हलकेच टेकायचं, जमिनीपासून बोटभर. समोरच्याचं पॅडल बॉलला लागतं त्याच क्षणी तुम्ही टेकलेलं असायला हवं. टेकताना गुडघे थोडे दबतात, आणि त्या दाबातूनच डावीकडं किंवा उजवीकडं जायचा रेटा मिळतो.

लवकर उडी मारली तर परत थिजून उभे राहाल. उशिरा मारली तर बॉल निघाला तेव्हा तुम्ही हवेत. वेळ जमेपर्यंत मी तोंडानं "टक" म्हणायची, समोरच्या प्रत्येक फटक्याला. पलीकडच्या कोर्टवरची कॉलेजची पोरं हसायची. आठ दिवसांनी त्यातलाच एक जण "टक" म्हणताना सापडला.

सरकायचं, पायात पाय घालायचा नाही

आता मुख्य मुद्द्यावर येऊया. नेटजवळचा बहुतेक खेळ हा डावीकडं दोन पावलं, उजवीकडं दोन पावलं एवढाच असतो. ती पावलं कशी टाकायची, यावर सगळं अवलंबून.

उजवीकडं जायचंय असं समजू. सहज प्रवृत्ती असते उजवा पाय उचलून लांब टाकायची, किंवा डावा पाय उजव्याच्या पुढून नेऊन चालल्यासारखं जायची. दोन्ही टाळा. डाव्या पायाच्या आतल्या कडेनं जमीन ढकला. त्या ढकलण्यानं उजवा पाय आपोआप सुटतो, फूटभर बाहेर जाऊन टेकतो, मागोमाग डावा तेवढाच सरकतो. दोन्ही टाचा एकमेकींना भिडता कामा नयेत. पायांत कायम किमान फूटभर जागा राहिली पाहिजे. डोकं एका उंचीवर. समोरून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही बाई रुळावरून सरकतेय, वर-खाली उसळत नाहीये.

पायात पाय का घालायचा नाही, हे मला काकांनी तालमीच्या भाषेत सांगितलं. "आखाड्यात पायात पाय आला की गडी गेला. समोरच्यानं नुसता हात लावायचा." इथंही तसंच. डावा पाय उजव्यापुढं आडवा असताना बॉल उलट्या बाजूला आला, तर आधी गाठ सोडवायची, मग वळायचं, मग निघायचं. चांगला खेळाडू ती गाठ पडायचीच वाट बघतो आणि तुमच्या मागून डावीकडं बॉल टाकतो.

याला एक अपवाद आहे. बॉल अगदी कडेच्या रेषेबाहेर निघालाय आणि सरकून पोचणं शक्य नाही, अशा वेळी एक पाऊल आडवं टाकून जा, मारा, आणि येताना मात्र सरकतच या. असा बॉल दहात एखादा. बाकीच्या नवांना सरकणंच.

असे लांबचे बॉल येतात ते बहुतेक तिरके. क्रॉसकोर्ट डिंक सगळ्यांना आवडतो आणि त्याला कारण आहे. सरळ समोर टाकायचं तर एका किचनच्या रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत 14 फूट मिळतात. या कोपऱ्यातून त्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत 24 फुटांच्या थोडं वर. शिवाय नेट मध्ये दोन इंचांनी खाली. म्हणजे मारणाऱ्याला चुकायला जागा जास्त आणि घेणाऱ्याला पळायला अंतर जास्त. तुमच्या समोरचा तिरका असेल, तर कडेकडं अर्धं पाऊल आधीच झुकून उभं राहा. सगळीकडं समान अंतर ठेवून कोर्टच्या मधोमध उभं राहणं दिसायला बरोबर दिसतं, उपयोगाचं नसतं.

पोचा, थांबा, मग मारा

माझ्या मते पायांचं सगळं काम या एका गोष्टीसाठी आहे: बॉल मारताना तुम्ही थांबलेले असायला हवं. पाय चालू, अंग झुकलेलं आणि त्यातच पॅडल पुढं गेलं, की अंगाचा वेग बॉलमध्ये उतरतो. तुम्ही हात कितीही मऊ ठेवा, बॉल उंचच जाणार. मला वाटायचं माझं मनगट उडतंय. प्रत्यक्षात मी पळता पळता मारत होते.

म्हणून लांब एका पावलापेक्षा आखूड तीन पावलं बरी. शेवटचं पाऊल सगळ्यात आखूड. चहाचा भरलेला कप घेऊन पाहुण्यासमोर जाताना आपण कसे शेवटी थबकतो, तसं. पोचल्यावर बॉल तुमच्या पोटाच्या पुढं, दोन्ही गुडघ्यांच्या मधल्या जागेत यायला हवा. तो बाजूला राहिला तर हात लांबवावा लागतो. हात लांबला की पॅडलचं तोंड वाकडं होतं.

हे तपासायचं तर पॅडल बाजूला ठेवा. पार्टनरला पलीकडून हातानं बॉल टाकायला सांगा, डावीकडं, उजवीकडं, आखूड, कसाही. तुम्ही टप्प्यानंतर तो दोन्ही हातांनी, पोटापुढं, गुडघ्याच्या उंचीवर झेलायचा. एका हातानं झेलला तर बाद. झेलून एक क्षण तसंच थांबायचं. वीस झेल घेऊन बघा. पॅडल हातात असताना आपण पोचलो नाही तरी हात लांबवून काम भागवतो. दोन्ही हातांनी झेलायचं म्हटलं की ती चोरी करता येत नाही. मला पहिल्या दिवशी वीसपैकी सात आले. जाऊबाईंना तेरा. त्या लग्नाआधी खो-खो खेळायच्या, हे मला त्या दिवशी कळलं.

आत पाऊल टाकायचं ते कोणतं?

आखूड बॉल आला, किचनमध्ये टप्पा पडणार आहे. एक पाय आत जाईल, दुसरा रेषेबाहेर जागेवर राहील. बॉल उजवीकडं असेल तर उजवा पाय आत, डावीकडं असेल तर डावा. ज्या बाजूला बॉल, त्या बाजूचा पाय.

बॅडमिंटन खेळलेल्यांना हे जड जातं. त्यांना रॅकेटच्या हाताचाच पाय पुढं टाकायची सवय असते, बॉल कुठंही असो. त्यांनी बॅकहँडला उजवा पाय पुढं टाकला तर लगेच काही बिघडत नाही, पोचतातही ते. पण परतताना कंबर वळलेली असते आणि पुढचा बॉल उजव्या बाजूला आला की अर्धा क्षण कमी पडतो. मी वाद घालत नाही. ज्यांची ती सवय वीस वर्षांची आहे त्यांनी ती मोडायच्या भानगडीत पडू नये. नव्यानं शिकणाऱ्यांनी जवळचा पाय वापरावा.

पाऊल टाकताना टाच आधी, मग चवडा. गुडघा बोटांच्या दिशेतच वाकतोय ना, बघा. आत किंवा बाहेर कलला तर काही दिवसांत दुखायला लागेल. मारून झालं की पुढच्या टाचेनंच जमीन रेटा आणि तोच पाय मागं घ्या. मागचा पाय जागेवर राहिल्यामुळं परतायला एकच पाऊल लागतं.

बॉल अगदी नेटच्या पायथ्याशी मेला, तर दोन्ही पाय आत न्यावे लागतील. न्या. पण मारल्यावर आपला डिंक कसा पडला हे बघत आत उभे राहू नका. पलीकडच्याला दिसतं की तुम्ही आत आहात, आणि तो सरळ तुमच्या अंगावर मारतो. तुम्ही प्रतिक्षिप्तपणे पॅडल आडवं धरता, बॉल सुरेख परत जातो, आणि पॉइंट त्यांचा, कारण व्हॉली झाली आणि पाय आत होते. याबद्दल आमच्यात भांडणं झालीत.

पायाशी येणारा बॉल

सगळ्यात छळणारा बॉल हाच. किचनच्या रेषेवर किंवा तुमच्या बुटापुढं टप्पा पडेल असा. तिथल्या तिथं मागं झुकून उचलायला गेलं की टाचांवर भार जातो आणि बॉल आकाशात.

दोनच मार्ग. पाय न हलवता हात पुढं करून हवेतच घेता येत असेल तर घ्या. पॅडल किचनवर गेलं तरी हरकत नाही, पाय बाहेर आहेत तोवर. नाही तर बॉलच्या बाजूचा पाय एक पाऊल मागं टाका. उजवीकडं बॉल असेल तर उजवा पाय मागं, कंबर थोडी उघडते, आणि बॉलला उसळून यायला जागा मिळते. डावा पाय रेषेजवळच. मारलं की उजवा परत जागेवर.

ठरवायला वेळ नसतो, म्हणून मी एक ठोकताळा धरलाय: शंका आली तर मागं. हवेत घ्यायचं की नाही या विचारात घालवलेला क्षण हा दोन्हींपेक्षा वाईट. आणि मागं टाकलेलं पाऊल परत आणायला विसरू नका. मी विसरायची. पाच-सहा डिंक झाले की माझ्या लक्षात यायचं, आपण रेषेपासून दोन हात मागं उभ्या आहोत आणि समोरचे दोघं नेटजवळ मजेत.

लॉबचंही इथंच सांगते. डोक्यावरून बॉल गेला तर तोंड नेटकडं ठेवून उलटं पळू नका. उलटं पळताना पडलं की हात टेकतो आणि मनगट जातं. आधी वळा, मग पळा. नाहीच जमलं तर जाऊ दे पॉइंट.

पार्टनर आणि ओढणी

डबल्समध्ये तुमचे पाय बरोबर असून भागत नाही. जाऊबाई डाव्या कडेला बॉल घ्यायला सरकल्या आणि मी माझ्या जागेवर खांबासारखी उभी राहिले, तर आमच्या मध्ये म्हैस जाईल एवढी वाट पडते.

आम्ही यावर उपाय शोधला तो असा. माझ्या ओढणीची दोन टोकं दोघींनी एकेका हातात धरायची. ओढणी असते साधारण सव्वादोन-अडीच मीटर, म्हणजे सात-आठ फूट. दोघींत ठेवायचं अंतरही जवळपास तेवढंच. तिसऱ्यानं पलीकडून बॉल दाखवायचा, कधी डावीकडं, कधी उजवीकडं, आणि आम्ही दोघींनी एकदम सरकायचं. ओढणी ताणली गेली तर एक मागं राहिली. लोंबली तर दोघी गोळा झालो. पाच मिनिटं रोज, पॅडलशिवाय. दोन आठवड्यांनी ओढणी सोडून दिली, पण हाताला तिचा ताण अजून जाणवतो.

सरकताना बोला. "माझा", "घ्या", "मध्ये" एवढे तीन शब्द पुरतात.

घरच्या गच्चीवर

कोर्ट रोज मिळत नाही, मिळालं तर तासाचे पैसे. पायांचं काम मात्र गच्चीवर फुकटात होतं. खडूनं दहा फुटांची एक रेघ ओढा, ती तुमची किचनची रेषा. चार बोटं मागं पवित्र्यात उभं राहा. आता बॉलशिवाय: टक, उजवीकडं दोनदा सरका, थांबा, डिंक मारल्याचं सोंग करा, परत मध्ये. टक, डावीकडं. टक, आत एक पाऊल, बाहेर. टक, मागं एक पाऊल, परत. वीस सेकंद करायचं, वीस सेकंद श्वास घ्यायचा, असं सहा वेळा. शेजारणीनं पहिल्या दिवशी विचारलं, "काय करायलाइस गं, अंगात आलंय काय?" उत्तर तयार ठेवा.

बॉल घ्यायचा तर कठड्याच्या किंवा जिन्याच्या भिंतीवर 36 इंचांवर खडूची रेघ मारा, 7 फुटांवर उभं राहा आणि रेघेच्या वीतभर वर बॉल हलकेच टाका. परत येऊन टप्पा पडला की पुन्हा. सलग वीस जमले की मुद्दाम एक उजवीकडं, एक डावीकडं टाकायला सुरुवात करा, म्हणजे पाय हलवावेच लागतील.

कोर्टवर पार्टनर मिळाला तर आधी समोरासमोर पन्नास डिंक, मग तिरके पन्नास, मग आठाचा आकडा: एकानं कायम सरळ टाकायचे, दुसऱ्यानं कायम तिरके. हा शेवटचा प्रकार पाच मिनिटं केला की मिसळीचा कट पचतो, तोही ब्रेडसकट.

पोटऱ्यांसाठी जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून टाचा वर-खाली, पंधरा-पंधराचे दोन फेरे. मांड्यांसाठी बैठका, पण तालमीतल्या आकड्यांच्या नादाला लागू नका. दहापासून सुरुवात करा. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घोटे फिरवल्याशिवाय आणि पाच मिनिटं अंग गरम केल्याशिवाय कोर्टवर उतरू नका, विशेषतः चाळिशीनंतर.

बूट आणि फरशी

पळायचे बूट इथं चालत नाहीत. त्यांचा तळवा जाड, मऊ आणि पुढं जायला बनवलेला असतो. बाजूला झटक्यात थांबलं की पाय त्यावरून घसरून घोटा मुरगळतो. बॅडमिंटनचे किंवा टेनिसचे, बाजूनं कडक आणि तळाला सपाट असे बूट घ्या. लाकडी फरशीवर रबरी तळव्याचे, डाग न पाडणारे. आमच्याकडं एक गृहस्थ नवी कापशी चप्पल घालून कोर्टवर उतरले होते. ऐट जबरदस्त होती, करकर आवाजही. दोन पॉइंट खेळून सन्मानानं बाकावर गेले.

कोल्हापूरच्या पावसात उघड्या कोर्टचा भरवसा धरू नका. ओल्या कोर्टवर सरकायचं पाऊल थांबत नाही, पुढंच जातं. हॉलमध्ये सुद्धा बाहेरून ओले बूट घालून आलेल्यांमुळं रेषेजवळच पाणी सांडलेलं असतं. खेळायचे बूट पिशवीतून आणा आणि एक जुनं फडकं नेटच्या खांबाला बांधून ठेवा. कोरड्या दिवसांत धूळ तेवढीच वाईट. तळवा मधून मधून पुसत राहा.

महिन्यानं एक व्हिडिओ

फोन नेटच्या खांबाला टेकवून, घोट्याच्या उंचीवर ठेवा. चेहरा, हात, पॅडल काही दिसायची गरज नाही. कंबरेखालचं तेवढं यावं. दहा मिनिटं खेळा आणि घरी जाऊन आवाज बंद करून बघा. तीन गोष्टी मोजा: पायात पाय किती वेळा आला, बॉल मारताना पाय चालू किती वेळा होते, आणि मागं टाकलेलं पाऊल परत न आणता किती वेळा राहिलं.

माझ्या पहिल्या व्हिडिओत पायात पाय एकोणीस वेळा. दुसऱ्यात सहा. मागं राहण्याची सवय मात्र तशीच होती, उलट एकानं वाढली होती. दुसरा व्हिडिओ मी काकांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी अर्धा बघितला, फोन परत दिला आणि म्हणाले, "गोठ्यातनं सुटलीस. आता टाच उचल जरा, डावी."